दिवा लागला का?
डिझेलमध्ये भिजलेल्या फडक्याचा वास आला की मला टेंभुर्णीच्या अलीकडची ती काळ्या चिखलाची वाट आठवते. शेजारची सून बाळंतपणाच्या कळा सोसत माझ्या जीपमध्ये पुढे बसली होती, मागे तिची सासू होती आणि जीपचं मागचं एक चाक चिखलात नुसतंच गरगरत होतं. मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉक गाडीला होता, पण तो पुरता बसल्याचं सांगणारा डॅशबोर्डवरचा दिवा लागेना, आणि अर्धवट लॉकवर जोर दिला असता तर आतले दातेच तुटले असते. मी गाडीखाली शिरलो, लॉक बसल्याचं ओळखून तो दिवा लावणारा, चिखल भरलेला सेन्सर काढून डिझेलनं पुसला, परत बसवला आणि ओरडलो, “दिवा लागला का?” सासू घाबरून सुनेला म्हणाली, “लागला म्हण माय, जल्दी निघू दे!” कळ सोसत सून म्हणाली, “न्हाई दादा, अजून न्हाई. बराबर बसवा.” मी सेन्सरची वायर घट्ट केली, तशी ती म्हणाली, “आता लागला!” जीप बाहेर निघाली आणि भोकरदनच्या दवाखान्यात पोचल्यावर थोड्याच वेळात तिला मुलगी झाली. गाडीखाली पडून तोच प्रश्न मी नंतर कितीतरी जणांना विचारला, पण तिच्या त्या ‘न्हाई’ला मी अजून मानतो.