पास्कूचं वेगळं ताट

आमचा पास्कू आज सकाळी गेला.

पास्कू म्हणजे मांजर. हसू आलं तर खुशाल हसा, पण पोस्ट शेवटपर्यंत वाचा. तुमच्या घरचं मांजर कदाचित वाचेल.

पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या सणाला आमच्या भुईगावच्या वाडीत कुठूनसा आला, म्हणून पास्कू. पिवळा बोका. आवाज मोठा, हिंमत छोटी.

उन्हाळ्यात तो खाईनासा झाला. बांगड्याचं डोकं पुढे ठेवलं तरी नुसता बघत बसायचा.

आईने त्याचं तोंड उघडून बघितलं आणि मला हाक मारली.
"अरे, ह्याच्या हिरड्या बघ. चुन्यासारख्या पांढऱ्या पडल्यात."

रक्त कमी झालं की आईकडे औषध एकच, कलेजी. कांदा-लसूण घालून तिने ती शिजवलीसुद्धा. वर माझ्या बायकोची आयर्नची गोळी कुटून घालायला निघाली होती.

पास्कूने तोंड फिरवलं. मी त्याला उचलून नालासोपाऱ्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची पोरगी.

"अंकल, बरं झालं खाल्लं नाही. कांदा-लसणाने मांजराचं उरलंसुरलं रक्तही खराब होतं. आणि माणसाची गोळी तर अजिबात नको."

रक्त तपासलं. फीलाइन ल्युकेमिया नावाचा व्हायरस निघाला. तो माणसाला होत नाही, मांजराकडून मांजराला होतो.

"मग आयर्नचं इंजेक्शन?" मी विचारलं.

"रक्त हाडांच्या आत तयार होतं अंकल. व्हायरस तिथेच बसलाय. चूल विझलीय, नुसते तांदूळ आणून काय करणार?"

"बरा होईल?"

"व्हायरस जाणार नाही. रक्त चढवलं तर काही महिने चांगले जातील, कदाचित. खोटं नाही सांगत."

रक्त दुसऱ्या मांजराचंच लागतं. त्याचीही आधी तपासणी होते, ग्रुप जुळावा लागतो. हे सगळं मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं.

तिथल्याच एका ताईंनी आपला धष्टपुष्ट बोका सुलतान आणला.
"घ्या दादा, फुकटचं खाऊन जाडा झालाय. एक दिवस तरी कामाला येऊ दे."

रक्त जुळलं. पास्कू घरी आला तो ओरडतच. हिरड्यांवर गुलाबी रंग आला होता.

खरा प्रश्न पुढेच होता.

घरात मिनी आहे. आमची छोटी मांजरी. मासे साफ केले की आई मागच्या दारी एकच ताट ठेवायची आणि दोघं त्यात तोंड घालायची. खाऊन झालं की एकमेकांना चाटत बसायची.

हा व्हायरस मुख्यतः थुंकीतून जातो.

मिनीची टेस्ट निगेटिव्ह आली. पण डॉक्टर म्हणाली, "लागण ताजी असेल तर लगेच दिसत नाही. वेगळी ठेवा, काही आठवड्यांनी आणि पावसाळ्यानंतर पुन्हा बघू."

आई ऐकायला तयार नव्हती.

"एका ताटात जेवलेली पोरं. आजारी पडला म्हणून ताट वेगळं करायचं? माझ्या भावाला टीबी झाला तेव्हा त्याचं ताट गोठ्यात ठेवायचे. तो टीबीने नाही गेला. त्या ताटाने गेला."

आम्ही रोज संध्याकाळी रोजरीच्या प्रार्थनेला बसणारी माणसं. एकच भाकर मोडून वाटायची, हे लहानपणापासून ऐकत आलेलो.

उत्तर माझ्या बायकोने दिलं.
"आई, ताट वेगळं करायचंय. त्याला एकटं नाही टाकायचं."

दुपारी आईने स्वतःचं जेवण वाढून घेतलं आणि मागच्या खोलीत वेगळ्या ठेवलेल्या पास्कूच्या शेजारी जाऊन बसली. दार लावून घेतलं.

आतून आवाज आला, "जेव रे. मी पण जेवते."

त्या दिवसापासून आई रोज तिथेच जेवली.

मी यावर खूप विचार केला. दूर ठेवणं आणि दूर लोटणं यात फरक आहे. मामाच्या वेळी तो कुणी केला नाही.

पावसाळा पास्कूने छान काढला. मग हिरड्या परत पांढऱ्या झाल्या, ताप उतरेना. डॉक्टर म्हणाली, आता रक्त चढवणं म्हणजे त्याला नुसता त्रास. आम्ही थांबलो.

काल संध्याकाळी मिनीच्या शेवटच्या टेस्टचा रिपोर्ट आला. निगेटिव्ह.

आईने ते पास्कूच्या कानाशी जाऊन सांगितलं. "तुझी मिनी चांगली आहे रे."

त्याने कान हलवला. बस, तेवढंच.

आज सकाळी आईच्या मांडीवर गेला. चिकूच्या झाडाखाली पुरला. मुक्या जिवासाठी प्रार्थना चालते का, हे फादरना विचारलं नाही. करून टाकली.

नवीन मांजर घरी आणाल तेव्हा आधी ही टेस्ट करा. हिरड्या अधूनमधून बघत जा. घरचं औषध देऊ नका.

पास्कू, जा बाबा निवांत. मिनीला आम्ही सांभाळू.