किलोला दहा, लेकराला किती?

मी स्वभावाने तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. घाटंजीपासून बारा किलोमीटरवरच्या एका खेड्यात मी शिक्षिका आहे आणि माझी स्कूटी दिसली की शाळेच्या भिंतीवर चढलेली पोरं पटापट खाली उतरतात. पण लेक पाच महिन्यांची झाली त्या मे महिन्यात माझी सगळी ऐट उतरली होती. बाळंतपणाची रजा संपत आलेली, जूनच्या शेवटी शाळा उघडणार. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांनाच उठा-बसायला काठी लागत होती. नवऱ्याचं बाजारात खता-बियाण्यांचं दुकान, वर नऊ एकर वावर. तो म्हणाला, "दुकानात नेतो लेकराले, पोत्यावर झोपवून देतो." मी त्याच्याकडे एकदाच पाहिलं. त्याने तो विषय परत काढला नाही.

लेकरू सांभाळायला बाई शोधायला लागलो आणि चार दिवसांत एक बाई आपण होऊन दारात आल्या. पन्नाशीच्या, उंच, काटक, कपाळावर कुंकू नाही, पायात मजबूत चपला. चार लेकरं वाढवलेली, नातवंडं आर्णीला. आल्या आल्या त्यांनी हात धुतले, लेकीला माझ्या मांडीवरून उचललं आणि उभ्या उभ्या झुलवत विचारलं, "काहून रडते व माय? आई मारते का?" लेक गप्प. मीच जरा ओशाळले. त्याच दिवसापासून त्या आमच्या मावशी झाल्या.

पगार सासूबाईंनी ठरवला. आजूबाजूला दोन-अडीच हजार देतात, आपण साडेतीन देऊ, म्हणाल्या. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा, दोन वेळचा चहा, दुपारचं जेवण, दिवाळीला साडी. मावशी लगेच "हाव" म्हणाल्या. सासूबाई मला आत येऊन सांगतात, "पाहा, घासाघीस नाई केली. घरच्यासारखीच राहीन." आम्ही दोघी स्वतःवर भारी खूश. मे महिन्यात वावरात कुत्रं फिरकत नाही, कोणालाच कुठे काम नसतं, त्यामुळे "हाव" म्हणण्यावाचून मावशींना दुसरं काही सुचलं नसणार, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. नऊ एकर वावर असलेल्या घरात, बरं का! आमच्याकडे कामवाल्यांचे पगार उन्हाळ्यात ठरतात आणि दिवाळीनंतर आम्ही सगळ्या मालकिणी मिळून बोंबा मारतो. कापूस फुटला की बाया गायब. दर वर्षी हेच होतं आणि दर वर्षी आम्हाला नव्याने धक्का बसतो.

पावसाळा छान गेला. निंदणाच्या, म्हणजे तण काढायच्या, दिवसांतही मावशी टिकल्या, कारण त्यांच्या गुडघ्यांना आता बसून निंदण झेपत नव्हतं. माझी लेक त्यांच्या कडेवर बसून बाजाराचा वार ओळखायला शिकली. तिचा पहिला शब्द "माशी". मावशी म्हणायचं होतं तिला. "आई" म्हणायला अजून महिना लागला. मला राग आला होता. खोटं कशाला बोलू?

दिवाळी झाली. साडी दिली, चिवडा दिला. आणि त्यानंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी मी स्कूटी लावते तोच मावशी लेकीला माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "मॅडम, सोमवारपासून मी येत नाई जी. कापूस वेचणीले जाते."

माझं डोकंच सटकलं. "अहो, असं कसं? दोन दिवस आधी सांगता? सोमवारी माझ्या शाळेची तपासणी आहे! आणि गुडघ्यांचं काय?"

"वेचणी उभ्यानं असते. निंदणासारखं बसा लागत नाई."

"कोणाच्या वावरात चालल्या एवढ्या?"

मावशी जरा खाली बघून हसल्या. "तुमच्याच जी. भाऊंनी आमच्या मोहल्ल्यातल्या टोळीले सांगतलं, बाकीच्याईपेक्षा किलोमागं रुपया वाढून देतो, घरात असन तेवढ्या बाया आना. मी बी त्याच टोळीतली हावो ना."

मी तशीच तरातरा दुकानात गेले. नवरा गिऱ्हाईकाला औषधाची बाटली दाखवत होता. गिऱ्हाईक माझा चेहरा बघून बाटली न घेताच गेलं. "तुम्ही माझ्या लेकराची बाई पळवली," मी म्हटलं. त्याला आधी काही कळेना. कळल्यावर म्हणतो, "अवं, पानी येऊन राह्यलं म्हनते मोबाईलवर. ओला झाला कापूस तं भाव पडते. बाया नाई भेटून राह्यल्या. लेकरू काय भिजून राह्यलं का?"

रात्रीच्या जेवणाला सासूबाईंनी तोडगा काढला: "तू दोन महिने बिनपगारी रजा घे. मावशीचा पगार काई वाढवाचा नाई."

"वा!" मी ताट सरकवलं. "माझा अख्खा पगार बुडाला तर चालते, मावशींचा वाढला तर नाही चालत?"

सासूबाई म्हणाल्या, "एवढं काय वेचतात त्या? पंचवीस किलो वेचलं तरी लय झालं." मलाही मनातून तसंच वाटत होतं. शनिवारी मावशींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पहिल्या वेचणीले पंचेचाळीस तं होतेच." मी म्हटलं, काहीतरीच! त्या म्हणाल्या, "उद्या आईतवार हाय. या पाहाले." आव्हान दिलं की मी मागे हटत नाही, हा माझा दुसरा दोष.

रविवारी सकाळी सातला मी लेकीला घेऊन आमच्याच वावरात, आमच्याच नवऱ्याच्या हाताखाली मजूर म्हणून हजर! टोळीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मावशींनी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुनिंबाला लुगड्याचा झोका बांधला, लेकीला त्यात टाकलं आणि माझ्या कमरेला ओटी बांधून दिली, कापूस ठेवायला. "हे तास धरा," कपाशीची एक ओळ दाखवत म्हणाल्या, "अन् बोंडाकडं पाहा, माह्याकडं नोका पाहू."

पण बघणार नाही तर काय करणार? त्यांचे दोन्ही हात दोन वेगवेगळ्या बोंडांवर चालत होते. बोटं आत गेली की कापूस बाहेर, काडी नाही, पत्ती नाही. मी एका बोंडाशी झटापट करायचे, वाळक्या पाकळीचं टोक नखात घुसायचं, मी "आई गं" करायचे, तोवर मावशी पुढच्या पाच झाडांवर. मधूनच लेक रडली की त्या ओटीसकट जाऊन झोक्याला एक धक्का देऊन यायच्या. मी निघाले तर म्हणायच्या, "तुमी राहू द्या, तुमचं आधीच मागं हाय." अहो, माझी लेक ती! पण खरंच मागे होतं. दुपारी भाकरी खाताना मला बोटं मिटता येत नव्हती. मावशींनी चटणी माझ्या भाकरीवर ठेवून दिली आणि माझी बोटं बघून बाकीच्या बायांना म्हणाल्या, "खडूची सवय हाय न तिले." सगळ्या जणी हसून लोटपोट. मीही हसले. रडू येत होतं, पण हसलेच.

संध्याकाळी नवऱ्याने निंबाच्या फांदीला काटा टांगला. मावशींचं गाठोडं लागलं: सत्तेचाळीस किलो. माझं गाठोडं लावताना त्याने मिशीतल्या मिशीत हसू दाबलं, ते मी पाहिलं. आठ किलो नऊशे.

"पत्तीसकट," मावशी म्हणाल्या.

मग त्यांनी काय केलं, झोक्याचं लुगडं सोडलं, त्यात माझ्या लेकीला बसवलं, चारी टोकं बांधून काट्याच्या आकड्याला अडकवलं आणि खालून हात धरून उभ्या राहिल्या. लेक गाठोड्यातून डोकं काढून खिदळत होती. नवऱ्याने वाचलं, "नऊ किलो दोनशे."

"घ्या," मावशी म्हणाल्या. "कापसाले किलोले दहा. लेकराले काय भाव हाय, भाऊ?"

बाया खो खो हसल्या. मावशीही हसल्या. माझा नवरा मात्र काट्याकडेच बघत राहिला. मी तर दिवसभर राबून लेकीच्या वजनाएवढाही कापूस वेचला नव्हता. मला नव्वद रुपये मिळाले, वरचा रुपया ओळखीचा. मावशींना चारशे सत्तर. परत येताना स्कूटीवर मागे बसल्या बसल्या माझ्या डोक्यात नको तो हिशेब सुरू झाला. साडेतीन हजाराला सव्वीस दिवसांनी भागलं तर दिवसाचे एकशे पस्तीस. म्हणजे माझ्या लेकीचा अख्खा दिवस, तिचं दूध, तिची शी-शू, तिचं रडणं, तिचा पहिला शब्द, सगळं मिळून साडेतेरा किलो कापूस. तेवढा मावशींनी सकाळच्या चहाआधी वेचला होता. मला लाज वाटली, आणि मी तापट असल्यामुळे ती लाज रागासारखी बाहेर आली. रस्ताभर नवऱ्याला बोलले. तो बिचारा गाडी चालवत "हाव, हाव" म्हणत राहिला.

घरी न जाता गाडी सरळ मावशींच्या दारात थांबवायला लावली. त्या नुकत्याच हातपाय धुऊन ओट्यावर बसल्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, तुम्हीच सांगा किती. पण उद्या या. तुम्ही आमच्या घरच्याच आहात."

त्यांनी आधी लेकीला घेतलं. मग म्हणाल्या, "बारा हजार. आईतवार सुट्टी. अन् घरची म्हनू नका."

"असं काय बोलता मावशी?"

"मावशी म्हना, आनंदानं म्हना. पर घरची म्हटलं का मानूस पगार वाढवाचं भुलून जाते. घरच्या बाईले कोनी पगार देते का? तुमच्या सासूबाईले भेटला का कधी?"

नवरा म्हणाला, "बरोबर हाय." त्याच्या आईच्या बाबतीत तो इतक्या पटकन कधी कबूल होत नाही.

मावशी मात्र व्यवहाराला पक्क्या. पुढे स्वतःच म्हणाल्या, "वेचणी सरली का मंग कमी करा. माघापासून चार हजार द्या. शेवटी शेवटी पंधरा किलो बी नाई निघत, खोटं कायले बोलू?" मी म्हटलं, "माझा पगार माघात कमी होतो का? मला तर मे महिन्यात घरी बसून पगार येतो. वर पेन्शन पाहिजे म्हणून तहसीलसमोर उन्हात घसा फोडून आले मी." मावशींना हे नवीन होतं. "घरी बसून?" त्यांनी दोनदा विचारलं. "घरी बसून," मी म्हटलं. मग त्या लेकीच्या केसातली कापसाची पत्ती काढत बसल्या.

सोमवारी साडेनऊला त्या आल्या आणि माझी तपासणी पार पडली. वावरातला कापूस नवरा टोळीच्या मागे लागून कसाबसा पावसाआधी घरी आणू शकला, आणि मावशींच्या वाट्याच्या तासावर वेचायला आमच्या दुकानातल्या पोऱ्याला नाही, नवऱ्याला स्वतःला उभं राहावं लागलं. ते बघायला मी रजा टाकली असती.

बारा हजार म्हणजे काही चेष्टा नव्हती. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांसाठी साठवलेले पैसे गेले, आणि सासूबाई अजून डबा काढताना वाकल्या की मोठ्याने कण्हतात, मला ऐकू जाईल असं. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी तर तोंडावर सांगितलं, "तुम्ही गावाचा भाव बिघडवला." मी म्हटलं, बिघडला तर बिघडला, तुमच्या पगारवाढीच्या वेळी कोणी बोललं होतं का असं? त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. डबा शांतपणे खाता आला.

मग मे आला. मला सुट्टी लागली, मी घरी, म्हणून मावशींनाही म्हटलं, आता शाळा उघडल्यावर या. महिना संपला तसं मी बारा हजार घेऊन त्यांच्या मोहल्ल्यात गेले. लेक आता चालत होती, माझं बोट सोडून पुढे पळाली. कडुनिंबाच्या सावलीत टोळीतल्या सगळ्या बाया बसलेल्या. मे महिना, काम कोणालाच नाही. मी पैसे पुढे केले.

मावशींनी हात मागे घेतला. "हे कायचे जी? मी तं महिनाभर आलीच नाई."

"सुट्टीचे. माझेही आलेत."

त्या पैशांकडे बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "दहा वर्साची होती तईपासून वावरात जाते मी. जेवढं वेचलं तेवढंच भेटलं. न गेलेल्या दिवसाचा पैसा मले कोनं देल्ला नाई आतापर्यंत." त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले, लपवण्यात काही अर्थ नव्हता.

शेजारी बसलेली एक बाई वाकून बघत होती. तिने विचारलं, "काहून व, कुठं कामाले गेलती का उन्हातान्हात?"

मावशींनी नाक पुसलं, लेकीला कडेवर घेतलं, पैसे कमरेला खोचले आणि ताठ मानेनं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नाई व. उन्हाळ्याच्या सुट्ट्या चालू हायेत माह्या."

"पगारी?"

"हाव. पगारी."