दीड नंबरची काच

मंगळवारी सकाळी दहा ते एक. नागपूरच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकावर माझा नंबर तेवढाच. चुकला तर पुढचा चार महिन्यांनी, आणि तोवर माझी फेलोशिप संपणार. जिवंत पेशी हलताना टिपायच्या होत्या. त्या ज्या पातळ काचेवर वाढवतात ती कव्हरस्लिप दीड नंबरचीच लागते, जाडी ०.१७ मिलिमीटर. पातळ घेतली की चित्र धूसर. आणि कुरिअरनं आलेल्या आमच्या डब्यात नुसता चुरा!

नागपुरातली दुकानं पालथी घातली. "आठवडा लागेल," सगळीकडे तेच. शेवटी यवतमाळच्या एका दुकानदारानं फोनवर "आहे ना" म्हटलं, तशी शनिवारी बस धरली. त्यानं पुढे ठेवले एक नंबरचे, म्हणजे पातळ काचांचे, दोन डबे.

"काका, दीड सांगितलं होतं ना?"

"मॅडम, सारे कॉलेजवाले हेच नेते. तुमालेच कायले दीड?"

कपाळ माझं! पण एक नंबरच्या डब्यातही काही काचा जाडीकडे झुकतात. दोन्ही डबे घेतले, दारव्ह्याच्या कॉलेजातल्या जुन्या सरांकडून रविवार संध्याकाळपर्यंत स्क्रूगेज मागून आणला आणि आमच्या बंजारा तांड्यावर घरी मोजत बसले. रविवारी दुपारपर्यंत एकच डबा झाला. शंभरातून अकरा निघाल्या.

जीव थाऱ्यावर नव्हता. दोन काचा मोजायच्या, उठायचं, अंगणात फेरी मारायची, पुन्हा बसायचं. याडी, म्हणजे माझी आई, दारात बसून कांचळीवर, आमच्या बायकांच्या चोळीवर, आरसे शिवत होती.

"बस की वं एका जागी. तुले पाहूनच मले चक्कर येऊन राह्यली."

"तुझं बरंय, तुझे आरसे कुठं पळून जातात?" मी खेकसले.

गेज आणून देते हे सरांना फोनवर सांगायला रेंज शोधत बाहेर गेले. परत आले तर माझ्या अकरा काचा फडक्यावर वाळत होत्या, लखलखीत. याडीनं त्या रिठ्याच्या पाण्यात धुतल्या होत्या! आरसा शिवायच्या आधी ती तसाच धुते, तांड्यातल्या साऱ्या बाया धुतात. पण रिठ्याचा फेस पेशीचं आवरणच फोडतो. जराही राहिला तरी पेशी मेल्या म्हणून समजा.

"हात कायले लावला? तुले काय समजते यातलं?" मी ओरडले. शेजारची काकू बाहेर आली, इतकं.

 याडी ओले हात पदराला पुसत राहिली. मी स्क्रूगेज परत करायला दारव्ह्याला गेले, तासाभरानं आले, बॅग उचलली आणि जीपमध्ये बसले. येते असंही म्हटलं नाही. वाटेत स्वतःचाच राग येत होता, पण उतरले नाही.

सोमवारी लॅबमध्ये बॅग उघडली तर वर एक गाठोडी. धुतलेल्या सुती फडक्यात नऊ काचा, कोरड्या. दुसऱ्या डब्यातल्या, ज्या मोजायच्या राहून गेल्या होत्या. मी दारव्ह्याला गेल्यावर तिनं निवडल्या असणार. आरसा ती कानाशी धरून नखानं टिचकी मारते, आवाजावरून जाडी ओळखते. पातळ आरसा टाका घालताना फुटतो ना.

रिठ्याच्या अकरा मी दहा-दहा वेळा धुतल्या. याडीच्या नऊ फक्त स्पिरिटमधून काढल्या. सगळ्यांवर पेशी सोडल्या आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

मंगळवारी अकराच्या अकरा गेल्या. पेशी गोळा होऊन पाण्यावर तरंगत होत्या. नवातल्या पाचांवर चित्र धूसर. बारा वाजून गेले. सहावी लावली आणि पेशी स्वच्छ दिसली, कडेनं हळूहळू पुढं सरकणारी, जिवंत. उरलेल्या तीनही तशाच. एक वाजेपर्यंत मला हवं ते सगळं मिळालं.

बाहेर पायरीवर बसून याडीला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आतच ती घाईघाईनं म्हणाली, "त्या नऊ मी धुतल्या नाही वं. हातबी नाही लावला, फडक्यानं धरलत्या."

मला रडूच फुटलं.

"लाव याडी हात," मी म्हटलं. "तुह्याच काचांवर जगल्या त्या."