तिसरं पायडल

तुकोजी जगदाळ्यांचा अर्ज मी लिहिला होता. म्हणून मेळ्याच्या मैदानावर त्या दिवशी जे झालं त्यात माझाही हात होता, हे आधीच कबूल करून टाकतो.

साल एकोणीसशे एकोणपन्नास. ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन होऊन वर्ष उलटलं होतं. सरदार मंडळींनी मोटारी विकायला काढल्या आणि त्यांच्या ड्रायव्हरांना एकच आशा उरली, नव्या सरकारचं मोटार खातं. मी त्या खात्यात नुकताच कारकून लागलो होतो आणि माधवगंजात तुकोजींच्या शेजारी राहत होतो. एका रविवारी ते फेटा बांधून माझ्या दारात उभे राहिले.

"लक्ष्मीकांत, एक दरख्वास्त लिहून दे. ही नोकरी नाही भेटली तर तुझ्या अनसूयाकाकूला घेऊन दक्षिणेत मूळ गावी जावं लागेल. तिथं आता आपल्याला ओळखतं कोण?"

"अनुभव किती, काका?"

"बावीस साल. शालिनीबाईसाहेबांची गाडी. आणि हे पण लिही, बावीस सालात माझ्या गाडीनं एकदापण आवाज केला नाही."

गिअर टाकताना खर्र करणारे ड्रायव्हर मी रोज ऐकत होतो. म्हणजे ह्यांचा हात केवढा सफाईचा! मला मेली भाषा सजवायची खोड. मी लिहून टाकलं, 'गिअर बदलण्यात विशेष निष्णात.' दोन प्रश्न विचारले असते तर माझं काय बिघडलं असतं? पण विचारले नाहीत.

परीक्षेला फौजेने टाकून दिलेला एक ट्रक आणला होता. साहेब इंदूरहून आलेले, खाकी कपडे, चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. बाईसाहेबांच्या वाड्यावरचे, म्हणजे कोठीवरचे, दुसरे ड्रायव्हर महिपतराव आधी बसले आणि पास होऊन मिशा चाचपत उतरले. मग तुकोजी बसले. मेकॅनिकने इंजिन चालू करून दिलं. तुकोजींनी खाली पायांकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग फेटा सांभाळत डोकं बाहेर काढलं.

"साहेब, हे तिसरं पायडल कशासाठी?"

कुणी हसलंसुद्धा नाही. महिपतरावांचा हात मिशीवरच राहिला.

"क्लच आहे तो," साहेब कसेबसे म्हणाले. "दाबा आणि गिअर टाका."

तुकोजींनी काय दाबलं आणि काय ओढलं, देव जाणे. ट्रकच्या पोटातून असा खरखराट उठला की लिंबावरचे पोपट उडाले. ट्रकने एक उडी मारली आणि तो बंद पडला.

"किती वर्षं गाडी चालवता?"

"बावीस."

"कोणती?"

"विजेची."

तेव्हा कुठे उलगडा झाला. बाईसाहेबांची गाडी विलायतेहून आलेली, बॅटरीवर चालणारी. तिला इंजिन नाही, क्लच नाही, गिअर नाही. एक दांडा पाच खाचांमधून पुढे सरकवायचा की वेग वाढतो, आणि पायाखाली दोनच पायडलं, दोन्ही ब्रेकची. चारी बाजूंनी पडदे. आवाज नसल्याने बाईसाहेब देवळात जाऊन आल्या तरी रस्त्यावर कुणी मान वळवत नसे. त्यात कोठीच्या गॅरेजची रीत अशी की ज्याची गाडी त्याचीच. दुसऱ्याच्या गाडीला हात लावणं म्हणजे त्याच्या पगडीला हात लावणं. त्यामुळे बावीस वर्षांत तुकोजी दुसऱ्या कुठल्या गाडीत बसलेच नव्हते. इतरांचे दांडेही आपल्यासारखेच, फक्त गाड्या गोंगाट करणाऱ्या, अशी त्यांची समजूत होती.

"एक महिन्याने पुन्हा या," साहेब म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "निष्णात कुणी लिहिलं?"

मी फायलीत डोकं घातलं.

तुकोजींनी महिपतरावांना शिकवण्याची गळ घातली. ते म्हणाले, "तुकोजी, तू कधी मला तुझ्या गाडीला हात लावू दिला असता?" तुकोजी खोटं बोलणारे नव्हते. ते तसेच माघारी आले.

दुसऱ्या दिवशी ते बाईसाहेबांच्या कानावर घालायला निघाले. मला अपराधी वाटत होतं, म्हणून मीही गेलो. बाईसाहेब सरदारांच्या विधवा, चाळिशी ओलांडलेल्या, चिकाच्या, म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या, पडद्याआड बसलेल्या. तुकोजींनी सगळं सांगितलं आणि सांगता सांगता पन्नाशीचा तो माणूस ढसाढसा रडला.

आतून प्रश्न आला, "सरदारांची फोर्ड अजून उभी आहे ना?"

"आहे जी. पण शिकवणार कोण?"

चिक हलला आणि बाईसाहेब बाहेर आल्या. आम्ही दोघांनी घाईने माना खाली घातल्या. त्या तशाच गॅरेजकडे गेल्या, फोर्डचं दार उघडलं, स्टिअरिंगमागे बसल्या आणि तुकोजींना शेजारी बसायला सांगितलं.

"डावा पाय क्लचवर. पूर्ण दाबायचा, मगच गिअर. कान इंजिनाकडे ठेवायचा. हाताने जबरदस्ती करायची नाही."

तिसऱ्या खेपेला फोर्ड चालू झाली. विहिरीभोवती बाईसाहेबांनी तिला पहिल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर नेलं. कुठे खर्र नाही की धक्का नाही. मी आ वासून उभा होतो.

"बाईसाहेब," गाडी थांबल्यावर तुकोजी चाचरत म्हणाले, "तुम्हाला गाडी येते?"

"बडोद्याला बाबांनी शिकवली होती. लग्नाआधी."

"मग बावीस साल..."

"इथे आले तेव्हा मला मागची जागा दाखवली. तिथे बसले."

भाजीचा भाव सांगावा तसं त्यांनी सांगितलं. मला भयंकर राग आला. कुणाचा, ते मात्र कळेना.

महिनाभर रोज सकाळी धडा झाला. तुकोजींचा हात जड, बाईसाहेब चिडायच्या, आणि तुकोजी शाळेतल्या पोरासारखे कान पकडायचे. दुसऱ्या परीक्षेत ट्रकने हूं की चूं केलं नाही. इंदूरच्या साहेबांनी सही करताना एकदा माझ्याकडे पाहिलं, बस.

तुकोजींना शहरातल्या हजीरा ते लष्कर ह्या वस्त्यांमधली बस मिळाली. पहिल्या दिवशी मी मुद्दाम पुढच्या बाकावर बसलो. दौलतगंजात गर्दी लागली. तुकोजींनी क्लच दाबून बस हळू केली, आणि तेवढ्यात समोरच्या गल्लीतून ती विजेची गाडी आवाज न करता बाहेर आली.

तिचे पडदे काढलेले होते. डोक्यावर पदर, हात दांड्यावर, नजर समोर. बाईसाहेब एकट्याच होत्या. किराणावाल्याच्या हातातला तराजू तसाच लोंबत राहिला. आमच्या बसमध्ये सगळे उठून उभे राहिले.

तुकोजींचे दोन्ही हात स्टिअरिंग सोडून जोडले गेले. डावा पाय क्लचवरून सुटला, बसने गचका खाल्ला आणि भर दौलतगंजात बंद पडली.

"ओ ड्रायव्हर साब," मागून कुणी ओरडलं, "गाड़ी चलाना आता भी है?"

तुकोजींनी डोळे पुसले आणि लांब जाणाऱ्या त्या गाडीकडे बोट केलं.

"आता है भैया. उन्होंने सिखाया है."