पाचातले दोन सोडायचे

तीन तास संपले आणि हेडसरांनी वनिताची उत्तरपत्रिका माझ्यासमोर टाकली. दहावीचा सराव पेपर, विषय इतिहास. पहिले तीन मोठे प्रश्न सुरेख अक्षरात सोडवलेले, पुढची पानं कोरी.

"पाहा सर," हेडसर म्हणाले. "एकेका प्रश्नात पाच उपप्रश्न, त्यातले कोणतेही तीन सोडवा, असं छापून हाय. पोरीनं पाचही सोडवले. जिथी-तिथी तसंच. मंग पेपर पुरा होईन कसा? फॉर्मवर माही सही हाय."

फॉर्म म्हणजे सतरा नंबरचा. शाळेत न जाणाऱ्या मुलाला दहावीला बाहेरून बसायचं असेल, तर तो एखाद्या शाळेमार्फत भरावा लागतो. पोंभुर्णा भागातल्या या हेडसरांनी माझ्या शब्दावर सही केली होती. जादा वेळ मागावा, तर तेव्हाच्या सवलतीच्या यादीत वनिताच्या दुखण्याचं नावच नव्हतं.

"पंधरा दिवसांनी आणखी एक पेपर घेतो," ते म्हणाले. "पुरा झाला त ठीक. नाई त यंदा राहू द्या. नापास झाली त ते पोरगी पुन्हा पुस्तकाले हात लावन का?"

त्यांचं चूक नव्हतं. म्हणून जास्त लागलं.

मी फिरता विशेष शिक्षक. चंद्रपूरहून एसटीनं गावोगाव जायचो. माझं प्रशिक्षण कर्णबधिर मुलांचं. अ‍ॅस्पर्जर सिंड्रोमवर आमच्या पुस्तकात जेमतेम दीड पान होतं. सोपं करून सांगतो. अशा मुलाची बुद्धी चांगली असते, बोलणंही चांगलं असतं. पण चारचौघांत न सांगता पाळले जाणारे नियम त्याला कळत नाहीत, आणि एकदा ठरलेलं मोडलं की जीव कासावीस होतो. वनिता सहावीत असताना घंटा वाजली की कान दाबून बाकाखाली शिरायची, आणि वर आली की गुरुजींच्या चुका भर वर्गात सांगायची. दुसऱ्या कारणानं शाळा जास्त वैतागली असावी.

नागपूरच्या डॉक्टरांनी निदान केलं, आणि तिच्या आईनं, शेवंताबाईनं, पोरीला घरी आणलं. घर तलावावर मासेमारी करणाऱ्यांचं. बाई स्वतः सातवी पास. आधी आपण धडा वाचायचा, समजला की पोरीला शिकवायचा, अशी तिची पद्धत. न समजलेलं माझ्यासाठी ठेवायची. मी दर गुरुवारी जायचो. दहावीपर्यंतचा अभ्यास त्या बाईनं असा रेटत नेला.

वनिताला दहावी हवी होती ती एकाच कारणासाठी. मत्स्यबीज केंद्रात, म्हणजे माशांची पिल्लं तयार करतात तिथे, प्रशिक्षणाला दहावी पासची अट होती. केंद्राचे सगळे नियम तिला तोंडपाठ होते, आणि आल्यागेल्याला ती ते ऐकवायची.

आता माझी चूक सांगतो. ती जादा प्रश्नही सोडवते, हे मला वर्षभर आधीच दिसलं होतं. मी डोकं लढवलं. प्रश्नपत्रिकेतल्या पाचपैकी दोन प्रश्नांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. दिसतच नाहीत, तर सोडवणार कसे? पेपर वेळेत पुरे व्हायला लागले. मी हेडसरांपुढे फुशारकीही मारली. सराव परीक्षेच्या पेपरवर अर्थातच पट्ट्या नव्हत्या.

शेवंताबाईच्या ओट्यावर बसून मी वनिताला पुन्हा समजावलं. जास्तीच्या उत्तरांना मार्क नसतात.

"मंग छापले काऊन?" तिनं विचारलं.

 शेवंताबाई जाळं दुरुस्त करत होती. मान वर न करता म्हणाली, "सर, राग नका मानू. तुमी झाकून टाकलं. सोडाचं कसं, हे तिले कोणी शिकवलंच नाई."

मग तिनं लेकीला विचारलं, "आज तलावावर किती रोहू सोडले वं?"

"अकरा."

"काऊन सोडले?"

"वितीपेक्षा लहान होते. सोसायटीचा नियम हाय."

मासेमारांच्या सोसायटीचा हा नियम मला माहीत होता. वीतभर न भरलेला रोहू परत पाण्यात. माप घ्यायचं काम मात्र वनिताकडे होतं, हे माहीत नव्हतं. ती सख्ख्या मामाचाही मासा सोडायची म्हणे.

"मंग पेपरातबी तसंच हाय," आई म्हणाली. "तीन ठेवाचे, दोन सोडाचे. सोडलेला वाया गेला नाई, तलावातच हाय."

 वनितानं विचारलं, "सोडलेले कुठी लिहाचे?"

तलावावर ती सोडलेले मासे वहीत टिपायची. टिपल्याशिवाय सोडणं पुरं होत नव्हतं. मी हेडसरांना विचारलं. ते म्हणाले, "मागच्या पानावर कच्चं काम चालते. त्यात काय लिहावं याचा नियम काई नाई."

पंधरा दिवसांत आम्ही सात पेपर सोडवले. कोणते प्रश्न सोडायचे हे तिचं तिनं ठरवलं. प्रश्नावर बोटं टेकून माप घ्यायची, आखूड छापलेल्यांचे आकडे मागच्या पानावर टिपून ते सोडून द्यायची. म्हणजे लांबलचक, कठीण तेवढे ठेवायची. मी कपाळाला हात लावला. शेवंताबाई म्हणाली, "राहू द्या सर. सोडून त राह्यली ना." हेडसरांचा पेपर दहा मिनिटं आधी पुरा झाला.

खऱ्या परीक्षेत भूगोलाच्या दिवशी पर्यवेक्षकांनी तिला हटकलं. बोटांनी मापं घेते, मागं आकडे लिहिते; त्यांना ती कॉपीची खूण वाटली. "हे काय आहे?" "सोडलेले," वनिता म्हणाली. एवढंच. परीक्षा केंद्रावर आलेले हेडसर धावत वर्गात गेले आणि त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं समजावून सांगितलं. मी फाटकाबाहेर उभा होतो. घाम मला फुटला होता. ती पुढच्या प्रश्नावर गेली होती.

वनिता पास झाली, साठ टक्क्यांच्या वर. मी पेढे घेऊन गेलो, तर ती मत्स्यबीज केंद्राचा अर्ज भरत बसली होती. 'शिक्षण घेतलेल्या शाळेचे नाव' या रकान्यापाशी थांबली. मी म्हणालो, "बाहेरून बसलीस ना, तो सोडून दे."

"हा सोडाचा नाई, सर," ती म्हणाली, आणि तिथे आईचं पूर्ण नाव लिहिलं.

शेवंताबाईनं ते वाचलं आणि पदर डोळ्याला लावला. माझेही डोळे भरले. इतका अभिमान मला स्वतःच्या मुलांच्या निकालाला वाटला नव्हता. केंद्रानं अर्ज तसाच घेतला.

माझ्या वार्षिक अहवालातही 'अध्यापन कोणी केले' असा एक रकाना होता. तिथे मी माझं नाव लिहून मोकळा झालो होतो. घरी येऊन ते खोडलं.