गुळाचं गाव

गुळाची ढेप फोडली की मला अजून मार्केट यार्डातला आमचा गाळा आठवतो, बारदानाच्या आणि गुळाच्या उबट वासाचा. बाबा गुळाचा खडा नाकाशी धरत आणि "हा केडगावचा, हा कराडकडचा" असं बिनचूक सांगत. मी तेव्हा गॅमा किरणांवर पीएचडी करत होते. एकदा त्यांना समजावलं, "वैश्विक किरण वाटेत वळतात, म्हणून कुठून आले ते कळत नाही. पण त्यांच्या जन्मस्थानी निघालेले गॅमा किरण सरळ येतात. त्यांचा माग काढायचा." बाबा म्हणाले, "म्हणजे माझंच काम की!" आणि येईल त्या गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगू लागले. पुढे मी संशोधन सोडून हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी धरली. रोज कंपनीच्या बसने जायचे आणि घरी मात्र "लॅबला जाते" म्हणायचे. सांगू, सांगू म्हणत वर्ष गेलं आणि बाबाच अचानक गेले. तेराव्याला गाळ्यावरचे म्हातारे हमाल आले. हात जोडून म्हणाले, "ताई, शेठ लई सांगायचे तुमचं. घावलं का त्या किरणांचं गाव?" मी म्हटलं, "शोधतेय." आजही खडा नाकाशी धरते. नुसता गोड वास येतो.