त्याने पाठ केलेली उत्तरं

स्क्रीनवर माझ्या नवऱ्याच्या मेंदूचं चित्र होतं आणि त्याच्या एका कडेला करडी चंद्रकोर. डॉक्टर म्हणाले, "क्रॉनिक सबड्युरल हेमाटोमा. कवटी आणि मेंदूच्या मध्ये हळूहळू रक्त साठलंय. मेंदू दाबला जातोय. आजच दाखल व्हा."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. डाइसुकेने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तासाभरापूर्वी मी त्याची चुगली केली होती.

डाइसुके अमेरिकन फुटबॉलचा क्वार्टरबॅक होता, म्हणजे प्रत्येक चाल ठरवून चेंडू फेकणारा गडी. समोरचे सगळे त्यालाच आडवा करायला धावतात. या कामाचा त्याने चौदा वर्षं पगार घेतला. आता तो कॉलेजच्या मुलांना शिकवतो. मी पुण्याहून योकोहामाला नोकरीसाठी आले आणि याच्या प्रेमात पडले. माझ्या आईला अजून वाटतं, जावई पायाने खेळायचा.

लक्षणं साधी होती. डाव्या पायातली चप्पल मागे राहायची आणि त्याला पत्ता नसायचा. इथे प्रत्येक प्रकारच्या कचऱ्याचा वार ठरलेला असतो; जाळायच्या कचऱ्याच्या दिवशी तो बाटल्या ठेवून आला. सरावात एकच चाल तीनदा सांगितली. दीड महिन्यापूर्वी मैदानात घसरून त्याचं डोकं खांबावर आपटलं होतं. "काही नाही," म्हणत तो उठला होता.

हंगाम दोन आठवड्यांवर होता. डॉक्टरांनी थांबवलं तर संघ दुसऱ्याकडे जाईल, ही त्याची भीती. माझी भीती माझ्याच्याने मनातल्या मनातसुद्धा उच्चारवत नव्हती.

हंगामाच्या सुरुवातीला खेळाडूंची स्मरणशक्ती तपासतात. पुढे डोक्याला मार बसला की तीच चाचणी पुन्हा घेऊन गुण ताडून बघतात. खेळायच्या दिवसांत डाइसुके पहिली चाचणी मुद्दाम वाईट द्यायचा, म्हणजे नंतरची घसरण दिसायला नको. लग्नाच्या जेवणात त्याने हा किस्सा सांगितला तेव्हा मी पोट धरून हसले होते.

शेवटी मी हट्टाने डॉक्टरांची वेळ घेतली. तपासणीच्या आदल्या दिवशी न्हाणीघरातून पुटपुटणं ऐकू आलं. "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. छत्री, कोल्हा, मुळा." मला वाटलं, नव्या चालींची नावं असतील.

डॉक्टरांनी त्याला शंभरातून सात-सात वजा करायला लावलं, मग तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. छत्री, कोल्हा, मुळा. कालचेच शब्द! पठ्ठ्याने इंटरनेटवरून चाचणीच पाठ केली होती!

"सगळं ठीक दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "थकवा असेल. महिन्याने या." डाइसुके वाकून आभार मानायला लागला.

नवऱ्याला परक्यासमोर खोटं पाडायचं, तेही चारचौघांत मान जपणाऱ्या या देशात. "डॉक्टर," मी म्हणाले, "यांनी उत्तरं पाठ केली आहेत. दुसरे शब्द विचारा."

त्यांनी घंटा, बदक, गाजर दिले. पाच मिनिटांनी डाइसुकेला एकही आठवेना. एवढा धिप्पाड माणूस टेबलाकडे बघत बसला आणि मला रडू फुटलं. मग सीटी स्कॅन झाला, म्हणजे डोक्याचे काप दाखवणारा एक्स-रे.

ऑपरेशनला नेताना तो म्हणाला, "तू कुठल्या संघात आहेस?"

"तुझ्याच. म्हणून तर बोलले."

कवटीला छोटं भोक पाडून नळीने रक्त काढणार होते. बाहेर बसून मी रामरक्षा म्हणायला लागले आणि मध्येच विसरले. तेव्हा तर आणखीच घाबरले. दोन तासांनी डॉक्टर आले, म्हणाले, "मेंदू जागेवर येतोय."

घरात कुणाच्या डोक्याला मार बसला असेल, तर दोन-तीन महिने त्याच्यावर नजर ठेवा. डॉक्टरांना सगळं तुम्हीच सांगा. लोक चुगलखोर म्हणतील, म्हणू देत.

तो हंगाम डाइसुकेच्या हातून गेला. पुढच्या वर्षी मुलांनी त्याला परत बोलावलं, आणि पहिल्याच दिवशी त्याने त्यांना आपली लबाडी सांगितली.

गेल्या आठवड्यात चहा पिताना तो म्हणाला, "डोकं दुखतंय." लग्नाला बावीस वर्षं झाली, हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी त्याला तसंच टॅक्सीत बसवलं आणि हॉस्पिटल गाठलं.

स्कॅन स्वच्छ निघाला, नुसती सर्दी होती. परतताना मी देवाचे आभार मानले. स्कॅनसाठी नंतर, आधी त्या वाक्यासाठी.